घडीताईचा उजवा हात

तुमच्याच सदऱ्याची बाही मनगटाला घासली म्हणून तुम्ही कधी ओठ चावून रक्त काढलंय का? नाही ना? मग जरा दमानं घ्या. ‘एवढ्याशानं कुठं कोणाला दुखतं होय?’ हे वाक्य जिभेच्या टोकाशी आलं असेल तर तसंच आत गिळा. घडीताईनं ते दोन वर्षांत इतक्या तोंडांतून ऐकलंय, की समोरच्याचे ओठ नुसते हलायला लागले तरी तिला कळतं, आता तेच येणार.

घडीताई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते लाँड्रीनं ठेवलेलं. टायरच्या दुकानांची रांग संपली की मागच्या अंगाला एक लांबच लांब पत्र्याची शेड लागते. सहा हॉस्पिटलांच्या आणि बऱ्याच हॉटेलांच्या चादरी तिथं धुतल्या जातात. एका दारानं मळक्या आत, दुसऱ्या दारानं पांढऱ्याफेक बाहेर. मधे धुलाईची मोठमोठी यंत्रं, पिळायचं यंत्र, आणि मग रोलर. रोलर म्हणजे माणसाच्या कमरेएवढं जाड, तापलेलं, अखंड फिरणारं लोखंडी लाटणं समजा. ओली चादर या बाजूनं सरकवायची, त्या बाजूनं ती कडक होऊन बाहेर येते. तिथं दोघीजणी उभ्या. दोन टोकं दोघींनी धरायची, एक झटका द्यायचा, एकमेकींकडे चालत यायचं, एकीनं आपले कोपरे दुसरीच्या हातात ठेवायचे, वाकून मधली दुमड उचलायची, पुन्हा मागं. दिवसाला सातशे-आठशे वेळा. अशी एकोणीस वर्षं.

या कामात तिचा हात धरणारं शेडमध्ये कोणी नव्हतं. तिच्या घडीत काठावर काठ असा बसायचा की वरून पाहावं तर एकच कापड वाटावं. नव्या बायकांना सुपरवायझर तिच्या गठ्ठ्याजवळ आणून उभं करायचा आणि म्हणायचा, "बघा आणि लाजा." या सुपरवायझरला सगळ्या ‘शिट्टी’ म्हणत, कारण बोलायच्या आधी तो दातांच्या फटीतून वारा सोडायचा. चादरीच्या दुसऱ्या टोकाला तिची जोडीदारीण असायची. ताडमाड उंच, म्हणून ‘लांबडी’. दोघींचं इतकं जमलेलं की कामात मधे शब्द लागायचाच नाही. शब्द वापरायचे ते शिट्टीची टिंगल करायला.

आणि एक नियम होता. कुठं लिहिलेला नाही, पण पहिल्याच आठवड्यात प्रत्येकीला पाठ होणारा. साहेबासमोर तोंड वाकडं करायचं नाही. भाजो, चिमटो, पाठ धरो, चेहरा कोरा ठेवायचा. जिनं ‘आई गं’ म्हटलं ती ‘नाजूक’ ठरली, आणि माणसं कमी करायची वेळ आली तेव्हा नाजूक मंडळी सगळ्यात आधी घरी गेली. हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून कोणाला काही शिकवावं लागलं नाही.

अपघात दुपारच्या पाळीत झाला. एका चादरीची कड रोलरला गुंडाळायला लागली. यंत्र थांबवायचं तांबडं बटण चार पावलांवर. तिथवर जाऊन येईपर्यंत मागच्या दहा-बारा चादरी करपल्या असत्या. घडीताईनं हात घातला आणि कड सोडवली. चादरी वाचल्या. मनगटाची मागची बाजू रोलरला चिकटली ती दोन श्वासांपुरती. तेवढ्यात कातडी गेली आणि कातडीखालची नसही भाजून निघाली.

तीन महिन्यांत जखम भरली. गुलाबी, गुळगुळीत कातडी आली. कंपनीच्या डॉक्टरनं चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाला, "वा! नव्या नवरीसारखा हात झालाय." कागदावर ‘बरी’ असा शेरा पडला.

आणि जखम बरी झाल्यावर दुखणं सुरू झालं. उलटं वाटतं ना? तिलाही वाटलं. आधी मुंग्या आल्या. मग मुंग्यांना दात फुटले. मग एक दिवस नळाखाली हात धरला आणि साधं गार पाणी उकळत्या तेलासारखं लागलं. पंख्याचा वारा लागला की मनगटापासून खांद्यापर्यंत विजेची तार ओढल्यासारखं व्हायचं. बाही लागली की जाळ. जखमेच्या जागी बोट टेकवलं तर बोट लागल्याचं कळायचं नाही, फक्त जाळ कळायचा. तिनं कात्री घेतली आणि आपल्या सगळ्या कपड्यांच्या उजव्या बाह्या कोपराच्या वर कापून टाकल्या. डाव्या तशाच ठेवल्या. शेडमध्ये दोन दिवस हसाहशी झाली. "घडीताई, शिंप्याला अर्धीच मजुरी दिलीस का गं?" तीही हसली. चेहरा कोरा ठेवण्यापेक्षा हसणं सोपं असतं.

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर. एक टेबल, एक खुर्ची, खिडकीतून समोर भिंत आणि भिंतीवरून खाली उतरणारा गंजका पाइप. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. मूलबाळ नाही. कामावरून आली की उजवा हात मांडीपासून वेगळा, हवेत धरून बसायची, जणू तो कोणाचातरी आहे आणि हिला नुसता सांभाळायला दिलाय. डाव्या हातानं जेवायची. डाव्या हातानं बटणं लावायची, आणि एका बटणात दहा मिनिटं गेली की तशीच, अर्धी बटणं उघडी टाकून, भिंतीकडे बघत राहायची.

रविवारी धाकट्या भावाचा फोन यायचा. सुरुवातीला ती त्याला सांगायची.

"अरे, वारा लागला तरी जळतं रे."

"ताई, वारा? वाऱ्यानं कोणाला जळतं?"

"मला जळतं."

"तू एकटी असतेस ना, म्हणून सारखं लक्ष तिकडे जातं. मनात आणलंस तर विसरशील. तुझी भावजय बघ, कंबर एवढी दुखते तरी दिवसभर उभी."

चार रविवार हे ऐकल्यावर पाचव्या रविवारी तो म्हणाला, "काय ताई, बरी ना?" तेव्हा ती म्हणाली, "बरी." तेव्हापासून दर रविवारी बरीच होती. फोन तीन मिनिटांत संपायला लागला. भावाचाही जीव सुटला, आणि हिचाही.

लांबडीला तर तिनं कधी काही सांगितलंच नाही. का सांगावं? सांगितलं तर शेडभर होणार, शेडभर झालं तर शिट्टीपर्यंत जाणार. पुढं लांबडीनंच बोलणं टाकलं. कशावरून ते घडीताईला कळलं नाही. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत लांबडी आपला डबा उचलून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली, आणि आठवड्याभरात तिनं जोडी बदलून घेतली. घडीताईनं विचारलं नाही. मानी माणसाचं हे एक असतं. उपाशी राहील, पण ताट कुठं आहे म्हणून विचारणार नाही.

मग डोकं दगा द्यायला लागलं. एका गठ्ठ्यात बारा चादरी लागतात. एकोणीस वर्षांत तिनं मोजल्या नव्हत्या, हात आपोआप थांबायचा. आता अकरावर थांबायचा, चौदावर थांबायचा. दुकानात साबण घ्यायला गेली की कोणता घ्यायचा ते ठरेना. दोन साबण हातात धरून अर्धा तास उभी राहायची. शिट्टीनं एकदा तिचा चुकलेला गठ्ठा सगळ्यांसमोर मोजला. "बघा आणि लाजा," म्हणाला. तेच शब्द. या वेळी कोणी हसलं नाही. तिला वाटलं, आपल्याला वेड लागतंय. आणि ही गोष्ट तर भिंतीवरच्या पाइपाशिवाय कोणाला सांगायची सोय नव्हती.

शेवटी ती सरकारी हॉस्पिटलात नसांच्या विभागात गेली. सात तास बाकावर काढल्यावर आत घेतलं. डॉक्टरीण तरुण, केसांत खोचलेलं पेन, टेबलावर अर्धं खाल्लेलं बिस्किट. मान वर न करता तिनं विचारलं, "कशानं जास्त दुखतं?"

"वाऱ्यानं."

डॉक्टरीण उठली. पंखा बंद केला. पुन्हा येऊन बसली आणि म्हणाली, "हं, सांगा."

 दोन वर्षांत घडीताईसाठी पंखा बंद करणारं हे पहिलं माणूस.

डॉक्टरणीनं कापसाचा बोळा फिरवून पाहिला, टाचणी टेकवून पाहिली, नसेची तपासणी करवून घेतली. नसेला खरोखरच इजा झालेली निघाली. मग तिनं खणातून पत्त्यांसारखे फोटो काढले. प्रत्येकावर एक हात, कुठं उताणा, कुठं पालथा, कुठं मुठीचा. "पटापट सांगा, हा डावा की उजवा?"

डावे हात तिनं फटाफट ओळखले. उजवा आला की गाडी अडायची. मनातल्या मनात स्वतःचा हात तसा वळवून बघावा लागतो, आणि हात वळेचना. निम्मे उजवे तिनं डावे सांगितले.

"मला वेड लागतंय का, डॉक्टर?" तिनं एकदाचं विचारून टाकलं.

"अजिबात नाही. असं बघा. भाजलेली नस चुकीच्या बातम्या पाठवत राहते. काही झालेलं नसताना ‘आग, आग’ म्हणून ओरडते. रोज तेच ऐकून मेंदूही बदलतो. मेंदूत हाताची म्हणून एक जागा असते, तिच्या कडा पुसट होतात. म्हणून तुम्हाला उजवा ओळखता येत नाही. आणि लक्ष ठेवणं, ठरवणं, दुखणं किती मनावर घ्यायचं ते पाहणं, हे ज्या भागांत चालतं, तिथला राखाडी थर अशा लोकांत थोडा पातळ झालेला आढळलाय. काही ठिकाणी उलट जाडही."

"म्हणजे दुखून दुखून मेंदू झिजतो?"

"झिजतो म्हणू नका. बदलतो. आणि आधी दुखणं की आधी हा बदल, यावर आम्हा डॉक्टरांचीच भांडणं चालू आहेत. पण काहीजणांचं दुखणं उतरलं तेव्हा तो भाग पुन्हा भरलेलाही दिसलाय. म्हणून गोळ्या घ्या, आणि हे फोटो घरी नेऊन रोज ओळखत बसा."

घडीताईला यातलं एकच चिकटलं. "मग डोक्याचा फोटो निघतो ना? त्यात दिसेल हे?"

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं म्हणतात. हिच्या हातच्या दुखण्याला मात्र आरसाच हवा होता, आणि तो सापडला असं तिला वाटलं. कारण त्याच सुमारास तिनं कंपनीकडे अर्ज टाकला होता. शेडच्या टोकाला एक निवडखोली आहे. तिथं बसून फाटक्या चादरी वेगळ्या काढायच्या असतात. वाफ नाही, मोठा पंखा नाही, रोलर नाही. तिथं कायमची बदली हवी होती. त्यासाठी वैद्यकीय बोर्डासमोर उभं राहावं लागणार होतं. बोर्ड ‘हो’ म्हणालं तर निवडखोली. ‘नाही’ म्हणालं तर पुन्हा रोलर, नाहीतर घरचा रस्ता. दुसरं काम तिला येत नव्हतं, आणि येत असतं तरी या वयात या हाताला कोण घेणार?

डोक्याचा फोटो निघाला. यंत्राच्या नळीत आडवं पडून, उजवा हात पोटावर टेकवता येत नाही म्हणून हवेत धरून, ती अर्धा तास निपचित पडून राहिली. मनात म्हणत होती, आता बघा म्हणावं सगळ्यांना.

रिपोर्ट आला. ‘वयोमानानुसार सामान्य.’

तो कागद घेऊन ती डॉक्टरणीसमोर उभी राहिली ती रागानं लाल होऊन. "तुम्ही तर म्हणालात पातळ होतो!"

"मी आधीच सांगायला हवं होतं, चुकलं माझं. हा फरक एका माणसाच्या फोटोत डोळ्यांना दिसत नाही. शंभर दुखणारी माणसं आणि शंभर न दुखणारी, अशी शेजारी ठेवून मोजली तर दिसतो."

घडीताईनं कागद टेबलावर ठेवला. मग खुर्चीत बसली. म्हणाली, "चादरीचं असंच असतं. एक नवी आणि एक शंभरदा धुतलेली तुमच्यासमोर टाकली तर तुम्हाला सांगता येणार नाही पातळ कोणती. पण शंभर जुन्यांचा गठ्ठा आणि शंभर नव्यांचा गठ्ठा शेजारी लावा. जुना वीतभर बुटका भरतो."

डॉक्टरीण तोंडातलं बिस्किट चावायचं विसरली. "हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार."

"सांगा. पण मी गठ्ठा नाही ना, डॉक्टर. मी एकच चादर आहे."

 डॉक्टरणीनं एक चांगलं, सविस्तर पत्र लिहून दिलं. नसेला इजा आहे, दुखणं खरं आहे, वारा-वाफ-स्पर्श टाळावा, बैठं काम द्यावं.

बोर्डात तिघं साहेब. मधला वयस्क, गोड बोलणारा. अशांपासून फार जपावं. दरडावणाऱ्यापुढं माणूस सावध तरी असतो.

"या ताई, बसा. पत्र वाचलं आम्ही. नसेला इजा आहे, मान्य. पण काम करता येतं की नाही, एवढंच आम्हाला बघायचंय. तुम्ही करता काय नेमकं?"

"घड्या."

"अरे वा. मग ही जरा घालून दाखवता?"

तपासणीच्या पलंगावर एक चादर चुरगळून पडली होती. शिपायानं एक टोक धरलं. घडीताईनं दुसरं. चादर कोणत्या लाँड्रीतली होती कोण जाणे, पण इस्त्री वाकडी, काठ ओढलेला. ते पाहूनच तिच्या कपाळावर आठी पडली. शिपायाला म्हणाली, "वर धरा. ताठ. हां." आणि एकोणीस वर्षं तिच्या अंगातून उठून उभी राहिली. झटका, चार पावलं, कोपऱ्यावर कोपरा, दुमड, अर्धी, पाव, तळव्यानं वरून एक सफाईदार हात. काठावर काठ. मनगटापासून खांद्यापर्यंत आग लागली होती, डोळ्यांपुढं काजवे चमकत होते, आणि चेहरा? चेहरा कोरा. समोर साहेब बसले होते ना.

वाकडी घडी घालता आली असती की! तुम्ही म्हणाल, तेवढी तरी अक्कल नको? पण बारीक विचार करा. स्वयंपाकिणीला मुद्दाम खारट कर म्हणा, गवंड्याला मुद्दाम भिंत कलती बांध म्हणा. हात ऐकेल?

"सुंदर!" मधला साहेब म्हणाला. "फारच सुंदर. अशी घडी मी पाहिली नाही."

आणि ती हसली. दोन वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी तिच्या कामाला चांगलं म्हणालं होतं. क्षणभर तिला हातसुद्धा आठवला नाही, फक्त ते ‘सुंदर’ ऐकू आलं. साहेबानं मान खाली घालून लिहिलं. काय लिहिलं ते तिला आठ दिवसांनी पत्रातून कळलं. ‘हाताची हालचाल पूर्ण. काम सफाईनं करते. चेहऱ्यावर वेदनेचं चिन्ह नाही. हसतमुख. नेहमीच्या कामास योग्य.’

बोर्डातून बाहेर पडल्यावर ती बायकांच्या मुतारीत जाऊन कडी लावून उभी राहिली होती. हात हवेत धरून, भिंतीला डोकं टेकवून, पाऊण तास. बाहेरून कोणीतरी दार वाजवलं. ती म्हणाली, "झालं, आले." आवाज एकदम साधा. हे काही कुठल्या कागदावर आलं नाही.

पत्राच्या खाली बारीक अक्षरात होतं. तीस दिवसांत फेरतपासणीचा अर्ज करता येईल, सोबत काम करणाऱ्या किमान एका व्यक्तीचं लेखी निवेदन जोडावं, त्या व्यक्तीनं तक्रार स्वतः पाहिलेली असावी.

पाहिलेली! लपवायला जिनं जिवाचं रान केलं, तिच्यासाठी पाहणारा कुठून आणायचा? तिनं विचार केला तेव्हा एकच नाव पुढं आलं. एकोणीस वर्षांतली जवळजवळ सगळी वर्षं समोरच्या टोकाला एकच माणूस होतं.

सव्वीस दिवस तिचा पाय उचलला नाही. सत्ताविसाव्या दिवशी, सुट्टीच्या सकाळी, ती लांबडीच्या दाराशी गेली. दार उघडंच होतं. आत खाटेवर धुतलेल्या कपड्यांचा हा मोठा ढीग. दिवसभर लोकांच्या घड्या घालणारीच्या घरी एका कपड्याची घडी नव्हती.

"अगंबाई," लांबडी म्हणाली. "वाट चुकलीस की काय?"

"काम होतं."

"ते दिसतंय. कामाशिवाय तू कशाला माझा उंबरा चढतेस." आत ये म्हणाली नाही, पण दारातून बाजूला झाली.

घडीताईनं कागद पुढं केला. लांबडीनं तो ओठ हलवत, बोट फिरवत वाचला. पुन्हा वाचला.

"मी काय लिहू? मला काय माहीत? तू कधी बोललीस मला?"

"नाही बोलले."

"मग? खोटं लिहू? शिट्टी तर सांगत फिरतोय, बोर्डानं तुझी घडी बघून टाळ्या पिटल्या म्हणून."

"एकच चादर होती."

"आणि नंतर?"

"नंतर दोन दिवस पेला उचलवला नाही."

"अगं बये, मग वाकडी घालायचीस ना ती!"

"नाही जमलं."

लांबडी तिच्याकडे बघत राहिली. मग नाक ओढून म्हणाली, "मलाही नसतं जमलं." आणि लगेच आवाज चढवला, जणू एवढं नरम बोलल्याचाच राग आला. "पण म्हणून मी लिहून देणार नाही. माझा किळस करणाऱ्या बाईसाठी मी का लिहू?"

"किळस? कोणी केला?"

"तू! आणि कोण? कोपरे द्यायची वेळ आली की हात मागं ओढायचीस. माझी बोटं लागायच्या आत सोडून द्यायचीस. चादर खाली. मी वाकायचं, मी उचलायचं. तेव्हा सोड्याच्या पाण्यानं माझ्या बोटांना चट्टे उठले होते, रक्त यायचं. म्हटलं, हिला घाण वाटतेय. तोंडावर बोलायची छाती नाही म्हणून हे नखरे."

घडीताईनं तिच्या बोटांकडे पाहिलं.

"लांबडे, मला तुझे चट्टे दिसलेसुद्धा नाहीत."

"घ्या! तेही नाही दिसले." लांबडी हसली, पण त्या हसण्यात गंमत नव्हती.

"तुझं बोट लागलं की इथवर जाळ व्हायचा." घडीताईनं डाव्या हातानं खांदा दाखवला. "म्हणून सोडायचे. तुझं कशाला, कोणाचंही लागलं तरी."

नळ ठिबकत होता. लांबडीनं तो उठून बंद केला, पुन्हा येऊन ढिगाच्या कडेला बसली.

"मग तेच लिही," घडीताई म्हणाली.

"काय?"

"आत्ता बोललीस ते. मी आधी सोडायचे, चादर पडायची, तू उचलायचीस. का ते लिहू नकोस. तुला काय दिसलं तेवढंच."

लांबडीनं पेन शोधलं. मिळेना. ढिगाखालून निघालं. ती लिहायला लागली. तिचं अक्षर गरगरीत, शाळकरी. महिना तिला पक्का आठवत होता, कारण त्याच महिन्यात तिनं बाक बदलला होता. दिवसातून किती वेळा पडायची? तिनं डोळे मिटून आठवलं आणि लिहिलं, ‘आधी एकदा-दोनदा, मग रोज वीस-पंचवीस वेळा’. बाह्या कापल्याचं लिहिलं. जेवताना डावा हात वापरते, हे लिहिलं. पंख्याखालची जागा सोडून दाराशी बसते, हेही लिहिलं. घडीताई बघतच राहिली. बोलणं टाकलेल्या बाईनं दुसऱ्या बाकावरून एवढं सगळं पाहिलं होतं.

"एकदा सांगितलं असतंस तर..." सही करता करता लांबडी म्हणाली.

"तर काय केलं असतंस?"

लांबडीनं खरंच विचार केला. खोटं बोलणं तिच्या रक्तात नाही. "काय केलं असतं? सगळ्यांसारखं म्हणाले असते, वयाचं आहे, सोड."

तिनं कागद घडीताईपुढं केला. मग लांबडी म्हणाली, "जा आता, माझं दूध उतू जाईल." दूध कुठं ठेवलेलंच नव्हतं, ते दोघींनाही माहीत होतं. घडीताई उठली. दारातून मागं वळून बघितलं नाही. जिना उतरताना तिनं कागद डाव्या हातात धरला आणि उजवा नेहमीसारखा अंगापासून दूर.

अर्ज एकोणतिसाव्या दिवशी गेला. फेरतपासणीची तारीख अजून आलेली नाही. तोवर घडीताई रोलरपुढं उभी आहे. नवी जोडीदारीण तिच्याशी बोलत नाही, चादर पडली की चुकचुकते. लांबडी तिच्या बाकावर, ही दाराशी. संध्याकाळी खोलीत ती टेबलावर ते हातांचे फोटो मांडून बसते. डावा. डावा. उजवा. हल्ली दहांतले सात उजवे ओळखू येतात. सात आले की ती मान वर करते. सांगावं असं समोर कोणी नसतं.

बोर्ड काय म्हणेल ते बोर्ड जाणे. पण तुमच्या शेजारी, तुमच्या टेबलावर, तुमच्या घरातही कोणीतरी असं असेल, आणि आज ना उद्या ते कागद घेऊन तुमच्या दारात उभं राहील. त्याचं दुखणं तुम्हाला दिसलेलं नसेल. ते कोणालाच दिसत नाही. पण बाजूच्या माणसाला दिसायचं ते पुष्कळ दिसलेलं असतं. ‘मला काय माहीत’ म्हणून त्याला परत पाठवू नका. आत घ्या, पेन शोधा, आणि तुम्ही स्वतः जे पाहिलंत ते, जमेल तेवढं तारखेसकट, लिहून खाली सही करून द्या.